थंडीत परड्यातले पक्षी: कोल्हापूरच्या हवेला धरून दाणापाणी आणि निरीक्षण

थंडीत पक्ष्यांना खाऊ कसं घालावं याचे जे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात, ते बहुतेक बर्फाच्या मुलखातले असतात. तिथं जमीन गोठलेली, दिवस आखूड, आणि अंगात पुरेशी चरबी नसेल तर छोटा पक्षी एका रात्रीत दगावतो. म्हणून तिथले लोक चरबीचे गोळे, सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाण्यांच्या जाळ्या टांगतात. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा साधारण १४-१५ अंशांवर येतो, कधी त्याखाली जातो, आणि दुपारी बाराला आपण स्वेटर काढून गाडीच्या डिकीत टाकलेला असतो. त्यात हे दिवस सुगीचे. भात निघालेलं, ऊसतोड जोरात, पूर्व भागात शाळू दाण्यावर येत असतो. इथल्या पक्ष्यावर थंडीत उपासमारीची वेळ येत नाही.

मग दाणा ठेवायचाच कशाला? तो खरं तर आपल्यासाठी असतो, पक्षी जवळून दिसावेत म्हणून. त्यात वाईट काही नाही, पण हे मनाशी स्पष्ट असलेलं बरं. कारण थंडीत जे खास पाहुणे हिमालयातून आणि त्यापलीकडून आपल्याकडे येतात, ते जवळजवळ सगळे किडे खाणारे. ज्वारीच्या वाटीकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना लागतं उथळ पाणी, फवारणी न झालेली झाडं आणि थोडा पालापाचोळा. म्हणून या लेखाचा क्रमही तसाच आहे: आधी पाणी, मग झाडं, आणि दाणा त्यानंतर.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा

काहीही विकत आणण्याआधी आपल्या परड्यात, गच्चीवर किंवा बाल्कनीसमोर आत्ता कोण येतं ते बघा. सूर्य सातच्या आसपास उगवतो. तिथून नऊपर्यंत पक्ष्यांची सगळ्यात जास्त लगबग असते, मग ऊन चढल्यावर सामसूम, आणि चार-साडेचारनंतर पुन्हा थोडी वर्दळ. चहाचा कप घेऊन एकाच जागी वीस मिनिटं बसा. फिरू नका. पक्षी कोणत्या फांदीवर आधी टेकतो, कुठून खाली उतरतो, मांजर कोणत्या भिंतीवरून येतं, ऊन कुठं पडतं, हे सगळं या आठवड्यात कळतं आणि पाण्याचं भांडं कुठं ठेवायचं हे आपोआप ठरतं.

तुम्ही कुठं राहता यावरही बरंच अवलंबून आहे. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीसारख्या जुन्या झाडांच्या भागात तांबट, हळद्या, राखी धनेश अशी मंडळी येऊ शकतात. शिवाजी पेठ-मंगळवार पेठेतल्या दाट वस्तीत चिमण्या, साळुंक्या, पारवे जास्त, पण एखादं उंबराचं झाड जवळ असेल तर चित्र बदलतं. कळंबा किंवा रंकाळ्याच्या बाजूला घर असेल तर डोक्यावरून बगळे आणि पाणकावळे जातच असतात. उसाच्या रानाला लागून राहणाऱ्यांनी तर तक्रारच करू नये, त्यांच्या कुंपणावर मुनिया आणि सुगरणींचे थवे उतरतात.

दुसरी पायरी: पाणी, आणि त्यात हयगय नको

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. दाणे खाणारा, फळं खाणारा, किडे खाणारा, पाण्याला सगळेच येतात. थंडीत पाऊस नसतो, हवा कोरडी असते, आणि पिसं नीट राखायला पक्ष्यांना आंघोळ लागतेच, गारठा असला तरी.

भांडं मातीचं घ्या. कुंभाराकडे मिळणारं पसरट परळ किंवा मोठ्या कुंडीखालची थाळी उत्तम. तोंड दीड-दोन वीत रुंद असावं आणि पाण्याची खोली एक ते दोन इंच. त्याहून खोल असेल तर मधे चपटे दगड टाका. चिमणी, दयाळ, शिंपी यांना पोटापर्यंतच पाणी हवं असतं. स्टीलची परात किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकचा टब ठेवू नका, त्यात पाय सरकतात आणि पक्षी एकदा बिचकला की पुन्हा लवकर येत नाही. भांड्याची कड खरखरीत असावी.

जागा निवडताना दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. पक्ष्याला पळून बसायला झुडूप जवळ हवं, पण मांजराला दबा धरायला ते फार जवळ नको. झुडपापासून सात-आठ फूट अंतर ठीक. जमिनीवर ठेवायचं तर आजूबाजूची जागा मोकळी ठेवा. मांजरांचा फार उपद्रव असेल तर भांडं कमरेएवढ्या उंचीच्या कट्ट्यावर किंवा तिकाटण्यावर ठेवा. वर एक वाळकी फांदी खोचून ठेवली तर पक्षी आधी तिच्यावर बसून चारी बाजूंना बघतो आणि मगच उतरतो. फोटो काढणाऱ्यांना ही फांदी फार उपयोगी.

पाणी हलतं असेल तर गिऱ्हाईक दुप्पट. महागडं कारंजं नको. पाण्याच्या जुन्या बाटलीला सुईनं बारीक भोक पाडा, ती भांड्याच्या वर फांदीला टांगा आणि झाकण सैल-घट्ट करून थेंबांचा वेग जमवा. थेंबांचा आवाज लांबून ऐकू येतो. दुसरा एक प्रकार मला त्याहून आवडतो: सकाळी आठच्या सुमारास जास्वंदीच्या किंवा कढीपत्त्याच्या पानांवर पाइपानं बारीक फवारा मारायचा. सूर्यपक्षी, चष्मेवाला, फुलटोच्या, वटवट्या हे चिमुकले पक्षी भांड्यात क्वचित उतरतात. ओल्या पानांवर अंग घासून, पानावरून घसरत ते आंघोळ करतात. झाडाला पाणी तुम्ही घालणारच असता, फक्त वेळ साधायची.

पाणी रोज बदला. यात पक्ष्यांच्या आरोग्याइतकाच आपल्याही आरोग्याचा प्रश्न आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेलगत चिकटून बसतात. म्हणून नुसतं पाणी ओतून पुन्हा भरणं पुरेसं नाही, आठवड्यातून दोनदा काथ्यानं किंवा ब्रशनं कड घासून काढा. परगावी जाणार असाल तर भांडं पालथं घाला.

तिसरी पायरी: झाडं आणि थोडा पसारा

परडं चकाचक झाडून, पाला पेटवून देणाऱ्यांच्या बागेत पक्षी का येत नाहीत, याचं उत्तर त्या झाडूतच आहे. पाल्याखाली किडे, कोळी, गांडुळं असतात आणि दयाळ, सातभाई, भारद्वाज त्यावरच जगतात. एका कोपऱ्यात पाला साठू द्या, फुटभर उंचीचा ढीग चालेल. शेणखताचा किंवा ओल्या कचऱ्याचा खड्डा असेल तर दयाळ तिथं सकाळ-संध्याकाळ हजेरी लावतो. रासायनिक फवारणी बंद करा, निदान ऑक्टोबर ते मार्च तरी. माव्यासाठी फवारलेलं औषध वटवट्याचा डबा रिकामा करतं, आणि मावा खाऊन तोच तुमचं काम करणार होता.

झाडं लावायची असतील तर जूनपर्यंत थांबा, पण ठरवून आत्ता ठेवा. छोट्या बागेसाठी जास्वंद, अडुळसा, हॅमेलिया, शेवगा: या चौघांवर सूर्यपक्षी वर्षभर पोसले जातात. फळांसाठी पेरू, तुती, सीताफळ आणि कढीपत्ता. कढीपत्त्याला आपण फक्त फोडणीपुरतं ओळखतो, पण त्याची काळी फळं बुलबुलांना आणि कोकिळेला भारी आवडतात. सिंगापूर चेरी झपाट्यानं वाढते, दोन-तीन वर्षांत सावली देते आणि तिच्यावर फळं खाणाऱ्यांची रीघ लागते. कुणाची जागा मोठी असेल तर त्यांनी उंबर लावावा आणि बाकी सगळं विसरावं. मात्र घराच्या पायापासून लांब.

आंब्यावर बांडगूळ दिसलं की लोक लगेच कोयता काढतात. झाड वाचवायचं तर काढावं लागतंच, पण एखादी फांदी राहू द्या. आपल्याकडचा सगळ्यात छोट्या पक्ष्यांपैकी एक, फुलटोच्या, त्याच्या फळांवर जगतो आणि त्याच्यामार्फतच ते बी पसरतं.

चौथी पायरी: दाणा आणि फळं

लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात बाजरी, ज्वारी, राळा, नाचणी आणि तांदळाची कणी मिळते. चिमण्यांना आणि मुनियांना बारीक दाणा आवडतो, होल्यांना ज्वारी. कच्चा तांदूळ खाल्ल्यानं पक्ष्याचं पोट फुटतं ही निव्वळ अफवा आहे. भातशेतीत पक्षी तोच तर खातात. जुन्या घरांच्या सोप्यात भाताच्या लोंब्या टांगलेल्या असत. तुमच्या पाहुण्यांत कुणाचं भात असेल तर पेंढीभर लोंब्या मागून आणा आणि पागोळीखाली टांगा. चिमण्या त्यावर लोंबकळून खातात, पारव्यांना मात्र ते जमत नाही.

पारव्यांचा विषय इथंच संपवू. सपाट कट्ट्यावर किलोभर ज्वारी पसरली की आठवड्यात तुमच्याकडे फक्त पारवे उरतात. चिमणी, मुनिया, होला सगळे मागे हटतात. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेल्यानं फुफ्फुसांचे आजार होतात, आणि मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून केवढं रान पेटलं ते सगळ्यांनी पाहिलंय. घरात दम्याचं माणूस असेल तर बाल्कनीत दाणा टाकूच नका, पाणी आणि कुंड्या पुरे. बाकीच्यांनी दाणा मूठभरच टाकावा, सकाळी एकदा, तासाभरात संपेल इतका. उरला तर उद्या कमी टाका. बारीक छिद्रांचं टांगतं भांडं वापरलंत, ज्यावर फक्त छोटे पाय बसतील, तर पारव्यांचा त्रास बराच कमी होतो. आणि जेवण झाल्यावर ताटातलं खिडकीतून भिरकावायची सवय असेल तर ती आधी मोडा.

फळांचं गणित सोपं आहे. पिकलेली पपई उभी चिरून बियांसकट, केळं साल अर्धं सोलून, पेरू किंवा चिकू दोन फोडी करून फांदीच्या टोकाला खिळ्यात किंवा तारेत अडकवा. बुलबुल, साळुंकी, तांबट, कोकीळ आणि चष्मेवाला येतात. सकाळी लावलेलं फळ संध्याकाळी काढा, रात्री त्यावर उंदीर-घुशी येतात. बाजारात फळवाल्याकडे डागाळलेली पपई स्वस्तात मिळते, ती चालेल. बुरशी आलेली चालणार नाही.

काय देऊ नये, ते जरा नीट सांगतो. पाव, बिस्किट, खारी यांनी पोट भरतं आणि पोषण शून्य. मिसळीचं उरलेलं फरसाण, भडंग, चिवडा अजिबात नको. गंमत अशी की तिखटाचं त्यांना काहीच वाटत नाही. मिरचीतला झोंबणारा अंश पक्ष्यांना जाणवतच नाही, म्हणून पोपट हिरव्या मिरच्या मजेत फस्त करतात. घात करतं ते मीठ आणि तेल. खारे शेंगदाणे नकोत. बिनमिठाचे, कच्चे शेंगदाणे द्यायचे तर भरडून द्या, आणि दमट वास येणारे फेकून द्या, त्यातली बुरशी विषारी असते. कोल्हापूर म्हटल्यावर गुळाचं पाणी किंवा काकवी सूर्यपक्ष्यांना ठेवायची कल्पना कुणाला ना कुणाला सुचतेच. नका ठेवू. ते काही तासांत आंबतं, मुंगळे लागतात, आणि जास्वंदीचं एक झाड त्याहून चांगलं काम करतं.

पाचवी पायरी: स्वच्छता, मांजर, काच

एका भांड्यावर अनेक पक्षी आले की रोगही एकाचा दुसऱ्याला लागतो. दाण्याचं भांडं आठवड्यातून एकदा गरम पाण्यानं घासा. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या प्रमाणात दहा मिनिटं भिजवा, भरपूर पाण्यानं धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातला घासण्याचा काथ्या वापरू नका. खाली सांडलेला ओला दाणा झाडून काढा. पिसं फुगवून गप्प बसलेला, माणूस जवळ गेला तरी न उडणारा, डोळ्यांभोवती किंवा चोचीजवळ गाठी आलेला पक्षी दिसला तर दाणा-पाणी दोन आठवडे बंद करा. दया म्हणून चालू ठेवलं तर रोग पसरतो.

काचेच्या मोठ्या खिडक्या असतील तर दाण्याची जागा काचेपासून तीन फुटांच्या आत ठेवा, म्हणजे दचकून उडाला तरी वेग नसतो, किंवा तीस फुटांच्या पलीकडे. मधलं अंतर सगळ्यात घातक. काचेवर बाहेरच्या बाजूनं दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या चिकटवल्या तर धडका थांबतात, गरुडाचं एकच स्टिकर लावून काही होत नाही. आणि कवड्या धोबी तुमच्या गाडीच्या आरशावर रोज हल्ला करत असेल तर तो वेडा नाही, आरशातल्या स्पर्धकाला हुसकावतोय. आरशावर कापडी पिशवी चढवा.

कधीतरी शिक्रा झेप घेऊन चिमणी उचलून नेईल. लहान मुलं रडतील. त्याला हाकलू नका. चिमण्यांचा थवा असेल तिथं शिक्रा असणारच.

सहावी पायरी: कोण आलंय ते ओळखा

थंडीतल्या ओळखीत दोन गोष्टी नवख्याला चकवतात. पहिली म्हणजे शांतता. कोकीळ गप्प असतो, दयाळाचं गाणं बंद असतं, म्हणून पक्षी कमी झालेत असं वाटतं. उलट याच दिवसांत प्रकार जास्त असतात. दुसरी म्हणजे कपडे. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर पावसाळ्यानंतर मादीसारखा पिवळट-मळकट दिसायला लागतो. गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टा दिसला की समजायचं, हा नर. जानेवारी-फेब्रुवारीत तो हळूहळू पुन्हा चकाकता जांभळा होतो, आणि एकाच पक्ष्याचं हे रूपांतर घरबसल्या बघण्यासारखं आहे. तसंच सुगरण नराचं. पावसाळ्यात पिवळाधमक दिसणारा हा गडी थंडीत चिमणीच्या मादीसारखा दिसतो. चोच जाड आणि शेपूट आखूड असेल तर नीट बघा.

पाहुण्यांपैकी सगळ्यात लवकर येतो करडा धोबी. गणपतीच्या आसपासच ओढ्याकाठी, गटाराच्या कडेला, गच्चीवरच्या ओलीत शेपूट वरखाली हलवत चालताना दिसतो. पोटाखाली पिवळा रंग. थिरथिरा मोकळ्या जागा, दगडी कंपाउंड, बांधकामाचे ढीग पसंत करतो. नर काळा, पोट विटकरी, आणि नावाप्रमाणे शेपटी थरथरत असते. तो एकाच परिसरात सबंध हंगाम काढतो, त्यामुळे एकदा दिसला की रोज त्याच भिंतीवर शोधा.

वटवट्ये दिसण्याआधी ऐकू येतात. दाट झुडपात कुणीतरी दोन गोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा ‘चक्, चक्’ आवाज येत राहिला तर तो बहुधा ब्लाइथचा वटवट्या. झाडाच्या शेंड्याकडे, पानापानांत सारखी धावपळ करणारा हिरवट, भुवई असलेला चिमुकला म्हणजे पर्णवटवट्या. त्यांच्या जाती ओळखताना मुरलेल्या लोकांचेही वाद होतात, तेव्हा नुसतं ‘पर्णवटवट्या’ लिहायला लाजू नका. राखी कोतवाल, स्वर्गीय नर्तक, हळद्या हे मोठ्या झाडांच्या बागेत येतात. स्वर्गीय नर्तकाचा लांब पांढऱ्या शेपटीचा नर दिसला तर त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला तरी चालतो.

भोरड्यांची गोष्ट वेगळी. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून येणारे हे गुलाबी-काळे थवे ज्वारीच्या रानात उतरतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा, पळस फुलला की त्याच्या मधावर तुटून पडतात. अशा फुललेल्या झाडाखाली सकाळी अर्धा तास उभं राहिलं तर बागेत महिनाभर दिसणार नाहीत इतके प्रकार दिसतात. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जाणाऱ्यांनी तिथली अशी झाडं हेरून ठेवावीत.

दुर्बीण घ्यायचीच तर ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. आकडा जितका मोठा तितकं चांगलं असं दुकानदार सांगेल, पण १२ किंवा २० पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीत हात थरथरतो आणि बागेतल्या अंतरावर पक्षी सापडतच नाही. ओळखीसाठी ‘मर्लिन’ हे मोफत ॲप फोटोवरून आणि आवाजावरून नाव सुचवतं. त्यानं सुचवलेलं नाव डोळ्यांनी पडताळल्याशिवाय वहीत लिहू नका. कोतवाल दुसऱ्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि ॲपही फसतं. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवणं टाळा, त्याला वाटतं हद्दीत कुणी घुसलंय.

सातवी पायरी: नोंद

साधी वही पुरते. तारीख, वेळ, कोण, किती, काय करत होता. ‘बुलबुल’ एवढं न लिहिता ‘शिपाई बुलबुल, २, पपईवर, साळुंकीला हुसकावलं’ असं लिहा. पहिला धोबी कधी दिसला आणि शेवटचा कधी, या दोन तारखा दरवर्षी लिहिल्यात तर काही वर्षांनी तुमच्या गल्लीची स्वतःची दिनदर्शिका तयार होते. यादी ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तर अभ्यासकांनाही उपयोगी पडते. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, सुरुवातीला तो मुहूर्त चांगला. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसबागेतल्या पक्ष्यांची गणना होते, त्यात पंधरा मिनिटांची यादीही चालते. पोरांना बरोबर घ्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते.

जखमी पक्षी सापडला तर खोक्याला भोकं पाडून, तळाला सुती कापड घालून त्यात ठेवा, झाकण लावा, अंधारात आणि शांत जागी. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाऊन तो मरतो. काचेला आपटून बधिर झालेला असेल तर बहुतेकदा तासाभरात सावरतो आणि खोकं उघडलं की उडतो. नाहीतर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बरा झालेला पोपट पिंजऱ्यात ठेवून घेऊ असं घरात कुणी म्हणालं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, हे सांगा.

शिमगा जवळ आला की दाणा हळूहळू कमी करत बंद करा. बुलबुल आणि शिंपी घरटी बांधायला लागतात, पिलांना किडेच लागतात. पाण्याचं मात्र उलट: मार्चपासून भांडं सावलीत हलवा आणि दिवसातून दोनदा भरा. त्या दिवसांत बागेत छाटणी काढू नका. काढायचीच असेल तर आधी प्रत्येक फांदी हातानं बाजूला करून बघा.